चिंच किती उंच?

मी मराठीचा प्राध्यापक. गणिताचा आणि माझा संबंध शालान्त परीक्षेनंतर जो सुटला, तो उभयपक्षी समाधानाने सुटला. सुंदरीच्या भुवईला कवी धनुष्याची उपमा का देतात, यावर मी वर्गात तासभर बोलू शकतो. पण त्याच धनुष्याच्या दोरीवर त्रिकोणमितीचे सारे शास्त्र उभे आहे, हे मला गेल्या उन्हाळ्यापर्यंत ठाऊक नव्हते. ते कळले एका चिंचेच्या झाडामुळे, आणि कळता कळता माझी चांगली फजितीही झाली. दिवाळीच्या फराळाबरोबर दुसऱ्याची फजिती गोड लागते, म्हणून ती हकीकत येथे सांगतो.

भंडाऱ्यातले आमचे घर जुने, कवेलूचे. मागे परस आहे आणि परसात ही चिंच. माझ्या जन्माच्या वर्षी वडिलांनी ती लावली. म्हणजे चिंच आणि मी एका वयाचे. फरक इतकाच, की मी वाढायचा थांबलो आणि ती थांबली नाही. वडील गेल्यापासून आईचा निम्मा दिवस त्या झाडाखाली जातो. तांदूळ निवडणे तिथे, शेजारणींशी बोलणे तिथे, आणि मला वाटते, वडिलांशी बोलणेही तिथेच.

गेल्या मे महिन्यात एका संध्याकाळी मोठे वादळ झाले. आमच्या गल्लीतले एक कडुनिंबाचे झाड मुळासकट उपटून रस्त्यावर आडवे झाले. सुदैवाने कोणाला लागले नाही. पण बातमी नागपूरला दादाच्या कानावर गेली आणि रात्रीच त्याचा फोन आला.

"ती चिंच आधी तोडून टाक. आईची खोली त्याच बाजूला आहे. उद्या काही झालं तर आयुष्यभर बोटं मोडत बसावं लागेल."

आईने हे ऐकले आणि शांतपणे म्हणाली, "आधी मला पोचवून या. मग काय तोडायचं ते तोडा."

झाले! एकीकडे दादाचे म्हणणे खरे, दुसरीकडे आईचेही खोटे नाही. मी मध्ये. घरात चार दिवस अबोला. पाचव्या दिवशी जेवताना आमच्या कन्येने, जी तेव्हा दहावीत नुकतीच गेली होती, एक साधा प्रश्न विचारला.

"बाबा, पण झाड पडलं तर ते भिंतीपर्यंत पोचेल का?"

आम्ही एकमेकांकडे पाहतच राहिलो. चार दिवस आम्ही माया, जबाबदारी, वडिलांची आठवण असल्या मोठमोठ्या गोष्टींवर भांडत होतो, आणि मुळातला प्रश्न कोणाला सुचलाच नव्हता. जेवण आटोपताच टेप आणली. बुंध्यापासून आईच्या खोलीची भिंत बरोबर १५ मीटर भरली. आता उरली झाडाची उंची. पण शेंड्यापर्यंत टेप घेऊन चढायचे कोणी?

"चढायला कशाला हवं?" कन्या म्हणाली आणि आपली कंपासपेटी घेऊन आली.

तिने कोनमापक उलटा धरला. त्याच्या सरळ कडेला शीतपेय पिण्याची एक नळी चिकटवली. मधल्या बिंदूपाशी दोरा बांधला आणि दोऱ्याच्या टोकाला सायकलचा एक नट लोंबकळत सोडला. गवंड्याचा ओळंबा असतो तोच हा, फक्त लहान. नळी आडवी धरली की दोरा ९० वर येतो. नळीतून वर पाहू लागलो की नळी तिरपी होते. दोरा मात्र सरळ खालीच लोंबतो. तो ९० पासून जितके अंश सरकला, तितके अंश आपली नजर वर गेली. शाळेच्या पुस्तकात याला उन्नत कोन म्हणतात. सारा खर्च शून्य रुपये.

पुढचे गणित तिने मला असे समजावले. झाड उभे, जमीन आडवी, म्हणजे त्यांच्यामध्ये काटकोन. माझ्या नजरेची तिरपी रेघ तिसरी बाजू. अशा काटकोन त्रिकोणात एक कोन ठरला, की उभ्या आणि आडव्या बाजूंचे प्रमाण कायमचे ठरून जाते. मग तो त्रिकोण वहीच्या पानाएवढा असो की डोंगराएवढा. या प्रमाणाचे नाव टॅन्जंट. ४५ अंशांना ते बरोबर १, म्हणजे जितके आडवे तितकेच उभे. ३५ अंशांना सुमारे ०.७, म्हणजे दहा पावले आडवे तर सात पावले उभे. हे आकडे कोष्टकात छापलेले असतात. कोष्टक नसले तर चौकटीच्या कागदावर तोच कोन काढून घरे मोजावीत. उत्तर तेच येते.

ती कोष्टक शोधत होती तेव्हा मी, स्वभावाला औषध नाही म्हणतात तसा, शब्दांमागे लागलो. या शास्त्रात "साइन" म्हणून एक प्रमाण आहे. शाळेत असताना हा शब्द मला इंग्रजांनी आपल्यावर लादलेला वाटे. वस्तुतः तो आपल्याच घरचा, पण परदेशी फिरून आलेला! आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये आपल्या ग्रंथात अर्धज्यांची कोष्टकरचना दिली. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा तुकडा हे धनुष्य आणि त्याची दोन टोके जोडणारी रेघ ही दोरी. या ज्याचेच दुसरे रूप जीवा. अरबी पंडितांनी हा शब्द उच्चाराने तसाच उचलला. पण अरबी लिपीत स्वर बहुधा लिहीत नाहीत. पुढच्या वाचकांनी तो "जैब" असा वाचला, आणि जैब म्हणजे वस्त्राची घडी, छातीवरचा खोलगा. बाराव्या शतकात युरोपातल्या भाषांतरकारांनी त्याच अर्थाचा लॅटिन शब्द योजला, सायनस. त्याचा झाला साइन. धनुष्याची दोरी निघाली आणि वस्त्राची घडी होऊन परत आली! आणि कर्ण? तो कान, तो कुंतीचा पुत्र, आणि काटकोनासमोरची बाजूही तोच. इतके झाल्यावर गणिताची भीती निम्मी गेली. ज्या घरातले शब्द ओळखीचे निघाले, त्या घरात शिरायला संकोच कसला?

असो. मी बुंध्यापासून २० मीटर मागे गेलो. नळीतून शेंडा पाहिला. कन्येने दोऱ्याजवळचा आकडा वाचला: ३५ अंश. वीस गुणिले ०.७. चौदा मीटर!

झाड १४ मीटर, भिंत १५ मीटर. चिंच पडली तरी भिंतीच्या एक मीटर अलीकडे पडणार. मी तिथल्या तिथे दादाला फोन केला आणि जरा पंतोजीच्या सुरातच त्याला त्रिकोणमिती समजावली. आईने चिंचेला हळदकुंकू वाहिले. संध्याकाळी घरात शिरा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक म्हातारा उभा. हातात कुऱ्हाड, खांद्यावर दोर. दादाने वादळाच्या रात्रीच कोणाकरवी तरी त्याला निरोप धाडला होता, आणि तो नको म्हणून सांगायचे राहून गेले होते. मी म्हटले, "आजोबा, आता गरज नाही. झाड घरापर्यंत येत नाही. आम्ही मोजलं आहे. चौदा मीटर."

म्हाताऱ्याने चिंचेकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "मोजलं का जी? बरं केलं. मी बी पाहून घेतो."

त्याने खालची एक वाळकी काडी उचलली. मूठ डोळ्यासमोर लांब धरली आणि डोळ्यापासून मुठीपर्यंत जितके अंतर, तितकीच काडी मुठीच्या वर ठेवून उरलेली मोडून टाकली. मग हात ताणून काडी उभी धरली आणि एक डोळा मिटून पावलापावलाने मागे सरकू लागला. काडीचे खालचे टोक बुंध्यावर आणि वरचे टोक शेंड्यावर आले तसा तो थांबला. पायाशी एक दगड ठेवला आणि म्हणाला, "पडन त इथवर येईन."

आम्ही टेप लावली. बुंध्यापासून दगडापर्यंत पावणेसोळा मीटर.

मी हसलो. आता माझ्या हसण्याची मला लाज वाटते. पण त्या वेळी मी हसलो आणि म्हणालो, "आजोबा, काडीने अंदाज येतो. आम्ही कोन मोजला आहे." आणि नळी लावलेला तो कोनमापक त्याला दाखवला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला, नळीला डोळा लावला आणि विचारले, "हे डोळ्याले लावूनच पाहाचं ना?"

"हो."

"मंग सर, तुमचं झाड तुमच्या डोळ्यापासून उगवलं का जी? मुळापासून उगवलं ना?"

एक क्षण कोणी बोलले नाही. मग कन्येने कपाळावर हात मारून घेतला. आम्ही मोजलेला त्रिकोण माझ्या डोळ्याच्या पातळीवर सुरू होत होता. जमिनीपासून माझ्या डोळ्यापर्यंतचे दीड मीटर झाड आम्ही हिशेबात धरलेच नव्हते! चौदा अधिक दीड, साडेपंधरा मीटर. म्हणजे चिंच भिंतीला नुसती टेकणार नाही, आईच्या खोलीवर अर्धा मीटर येणार.

म्हाताऱ्याच्या रीतीत ही चूक होऊच शकत नव्हती, हे नंतर कळले. तो शेंडा आणि बुंधा दोन्ही एका काडीत पकडतो. काडी आणि हात समान, म्हणून झाड आणि अंतरही समान. त्यात डोळा उंच असो की ठेंगणा, उत्तर बदलत नाही. त्याला टॅन्जंट हा शब्द माहीत नव्हता, पण त्याचा त्रिकोण मुळापासून सुरू होत होता.

आता एक गोष्ट कबूल केली पाहिजे. म्हातारा गेल्यावर माझ्या मनात आले, की हे आईला सांगायलाच हवे का? दादाला तर चौदा सांगून झाले होते. आईच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी हसू दिसले होते. शिवाय वादळ येईल की नाही, आले तर झाड पडेल की नाही, पडले तर त्याच बाजूला पडेल की नाही. तीन तीन "की नाही". दीड मीटरसाठी एवढे घर कशाला हलवायचे? मी कन्येकडे पाहिले. ती वहीत काहीतरी लिहीत होती.

"बाबा, कोन वाचताना एखाद्या अंशाची चूक होऊ शकते," ती म्हणाली. "३४ असला तर झाड १५ मीटर, ३६ असला तर १६. कमीत कमी धरलं तरी भिंतीला लागतंच."

यावर काय बोलणार? तिने लगेच दुसऱ्या रीतीने पडताळाही घेतला. नळीतून शेंडा बरोबर ४५ अंशांवर दिसेल अशी जागा शोधली. ती बुंध्यापासून १४ मीटर आणि २० सेंटिमीटरवर सापडली. त्यात डोळ्याचे दीड मीटर मिळवले, पंधरा मीटर सत्तर. म्हाताऱ्याचा दगड पंधरा मीटर पंचाहत्तरवर होता!

त्या रात्री मला झोप आली नाही. दीड मीटर म्हणजे काय हे मला कळले होते. आमच्या एका झाडात ही गत, तर अशाच त्रिकोणांवर ज्यांनी साऱ्या हिंदुस्थानचा नकाशा काढला, त्यांनी काय केले असेल? आणि एकदम हिंगणघाट आठवले. वर्धा जिल्ह्यातले हे गाव आमच्यापासून मोटारीने काही तासांवर. कापसासाठी ते सर्वांना ठाऊक आहे. पण कर्नल विल्यम लॅम्बटन या माणसाने जानेवारी १८२३ मध्ये तेथेच देह ठेवला आणि त्याची कबरही तेथेच आहे, हे आपल्याकडे थोड्यांनाच माहीत असते.

या लॅम्बटनने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ एक सरळ रेघ मोजायला घेतली. शंभर फुटी पोलादी साखळी चारशे वेळा टाकून साडेसात मैलांची ती रेघ पुरी व्हायला ५७ दिवस लागले. एवढी काळजी का? कारण जमिनीवर प्रत्यक्ष मोजायची ती मुख्य बाजू. तिच्या दोन टोकांवरून दूरच्या एखाद्या टेकडीचे वा देवळाच्या गोपुराचे कोन घ्यायचे, की त्रिकोण पुरा होतो आणि उरलेल्या दोन बाजू गणिताने निघतात. त्या बाजूंवर पुढचा त्रिकोण, त्यावर पुढचा. अशी त्रिकोणांची साखळी त्याने दक्षिणेतून उत्तरेकडे नेली आणि मधूनमधून पुन्हा जमिनीवर रेघ मोजून गणिताचा पडताळा घेतला. पहिलीच रेघ चुकली, तर ती चूक प्रत्येक त्रिकोणात पुढे जाणार.

कोन मोजण्याचे त्याचे यंत्र, थिओडोलाइट, सुमारे अर्ध्या टनाचे होते. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर ते चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळून त्याचे वर्तुळ वाकले. दुसऱ्या कोणी चालवून नेले असते. लॅम्बटन तंबूत शिरला आणि सुमारे सहा आठवडे खपून त्याने ते वर्तुळ आपल्या हाताने पुन्हा गोल केले. पुढे सत्तरीच्या घरात, हैदराबादहून नागपूरकडे मुक्काम हलवत असताना हिंगणघाटला त्याचा अंत झाला. त्याची साखळी जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. १८५२ मध्ये राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाने दुरून घेतलेल्या कोनांवरून एका शिखराची उंची काढली; १८५६ मध्ये ती २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. त्या शिखरावर तोवर माणसाचे पाऊल पोचल्याची नोंद नव्हती. २०२० मध्ये नेपाळ आणि चीन यांनी अद्ययावत साधनांनी तीच उंची ८,८४८.८६ मीटर ठरवली. फरक अवघा नऊ मीटरांचा! हवेतून येताना प्रकाश वाकतो, पृथ्वी गोल आहे, या साऱ्या "डोळ्याच्या उंच्या" त्या लोकांनी हिशेबात धरल्या होत्या. म्हणून त्यांचे चौदा चौदाच राहिले नाही.

सकाळी मी आईजवळ चिंचेखाली बसलो आणि सारे खरे सांगितले. चूक माझी होती, हेही सांगितले. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "मग वरचं कापलं तर नाही का चालणार? सगळं कशाला तोडायचं?"

पुन्हा तेच! आम्ही शिकलेली माणसे "ठेवायचे की तोडायचे" एवढेच भांडत होतो. एकदा उंची कळल्यावर किती कमी करायची हेही कळते, हे आईने क्षणात ओळखले. शहरातल्या झाडांना १९७५ चा वृक्षसंरक्षणाचा कायदा लागू आहे. मनाला येईल तेव्हा कुऱ्हाड घालता येत नाही. रीतसर अर्ज केला, परवानगी मिळाली, आणि पावसाळ्यापूर्वी त्याच म्हाताऱ्याने शेंडा छाटून दिला. नंतर कन्येने २० मीटरवरून कोन घेतला: २८ अंश. साडेदहा आणि वर थोडे, अधिक डोळ्याचे दीड. बारा मीटर. म्हाताऱ्याने काडी धरली आणि तिच्याकडे पाहून मान डोलावली. दादा पोळ्याला आला तेव्हा दोघे भाऊ त्याच झाडाखाली बसून जेवलो.

आमचा भाग तलावांचा. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि नवेगाव बांधासारखा मोठा तलाव तिकडे गेला, तरी कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले कितीतरी तलाव आजही इकडे भातशेतीला पाणी देतात. पाळ केवढी घालायची आणि पाणी कुठवर चढेल, हे जोखल्याशिवाय तलाव होत नाही. आता अशा तलावात कमळ दिसले, की मला भास्कराचार्यांच्या "लीलावती"तले उदाहरण आठवते. पाण्यावर अर्धा हात वर आलेली कमळकळी वाऱ्याने कलली आणि दोन हातांवर पाण्यात बुडाली. तर पाणी किती खोल? उत्तर पावणेचार हात. पाण्यात न उतरता! साडेआठशे वर्षांहून जुने हे कोडे मुलांना घालून पाहा. पाण्याची खोली ही एक बाजू, दोन हात ही दुसरी, आणि कललेला देठ हा कर्ण. खोलीपेक्षा देठ अर्ध्या हाताने लांब, इतकी खूण पुरे.

दिवाळीच्या सुटीत मुलांचे हात रिकामे असतात. त्यांना कोनमापक, नळी, दोरा आणि एक नट द्या. समोरच्या इमारतीची किंवा देवळाच्या कळसाची उंची काढू द्या. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळा: नळीतून सूर्याकडे कधीही पाहायचे नाही. सूर्याचा कोन हवा असेल तर सावली मोजावी. येत्या २१ मार्चच्या सुमारास एक मीटरची काठी उन्हात सरळ उभी करा आणि दुपारी सावली सर्वांत आखूड होईल तेव्हा ती मोजा. आमच्या भंडाऱ्यात ती ३९ सेंटिमीटरच्या आसपास भरते. ३९ भागिले १०० म्हणजे ०.३९; कोष्टकात उलटे पाहिले की कोन निघतो २१ अंशांहून थोडा अधिक. तेच भंडाऱ्याचे अक्षांश! मुंबईत सावली साडेचौतीसच्या आसपास येईल, पुण्यात त्याहूनही सेंटिमीटरभर आखूड. एका काठीने आपले गाव पृथ्वीच्या पाठीवर कुठे आहे हे कळते, आणि नातेवाइकांना फोन करून सावल्या जुळवून पाहण्यात मजाही येते.

आमच्या घरी यंदा आकाशकंदील चिंचेच्या फांदीला लावला आहे. कन्येने त्याची उंची काढली, पाच मीटर वीस. आईने विचारले, "डोळ्याची मिळवलीस का गं?"